जुन्या लॅपटॉपचा बॅकलाइट गेला आहे : ट्यूब, इन्व्हर्टर की पूर्ण पॅनेल?

गूळहळद (धागाकर्ता)

नमस्कार. सांगलीतील आमच्या हळदीच्या आडत दुकानात 2008 साली घेतलेला 15.4 इंची लॅपटॉप अजूनही रोज वापरात आहे. त्याला सिरियल पोर्ट आहे. त्यावर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा जोडलेला असून पट्टी (मालाच्या हिशेबाची पावती) करण्याचे जुने सॉफ्टवेअर काट्यावरचा आकडा थेट उचलते. यूएसबीचा कन्व्हर्टर लावून नव्या लॅपटॉपवर हाच खटाटोप करून पाहिला, परंतु सौद्याच्या ऐन गर्दीत आकडा मध्येच गोठतो. त्यामुळे हे जुने यंत्र सोडवत नाही.

गेले काही महिने सकाळी लॅपटॉप सुरू केला की स्क्रीन आधी गुलाबी दिसत असे आणि थोड्या वेळाने पांढरी होत असे. आता ती सुरू होताच क्षणभर तांबूस उजळते आणि अंधारते. विंडोज सुरू झाल्याचा आवाज मात्र येतो. येथील एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवले असता, "डिस्प्ले गेला, आता याचे भाग मिळत नाहीत, नवीन घ्या," एवढेच उत्तर मिळाले. यंत्र उघडूनही पाहिले नाही. खरोखर काय गेले आहे हे घरच्या घरी ओळखता येईल का, आणि दुरुस्ती शक्य असल्यास कोणत्या क्रमाने जावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वखारभाग

आपल्या वर्णनावरून लॅपटॉपला मागे किंवा कडेला निळ्या रंगाचा व्हीजीए पोर्ट नक्कीच असणार. त्याला एखादा जुना मॉनिटर जोडावा आणि काम पुढे चालू ठेवावे. दुरुस्तीत वेळ घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

गूळहळद

मॉनिटर जोडून पाहिला आणि चित्र स्वच्छ आले, म्हणजे मदरबोर्ड व ग्राफिक्सचा भाग ठीक असावा. परंतु काटा गाळ्यातून गोदामात आणि गोदामातून परत असा हलतो व लॅपटॉप त्याच्याबरोबर जातो. तिथे मॉनिटर आणि त्याची वायर सांभाळणे हमालांच्या पायाखाली वायर टाकण्यासारखे आहे. म्हणूनच स्क्रीन हवी आहे.

डाखवाला

मी मिरजेत अनेक वर्षे मॉनिटर आणि लॅपटॉप दुरुस्त करतो. आपण दिलेली लक्षणे इतकी बोलकी आहेत की निम्मे निदान त्यातच झाले आहे. तरी क्रमाने जाऊ.

एलसीडीची काच स्वतः उजेड देत नाही. तिच्या मागून येणारा उजेड ती कमी-अधिक अडवते, आणि त्या अडवण्यातून चित्र तयार होते. आपल्या काळच्या लॅपटॉपमध्ये हा उजेड सीसीएफएल नावाच्या, पेन्सिलीच्या शिशाएवढ्या बारीक ट्यूबमधून येतो. ती स्क्रीनच्या खालच्या कडेला आडवी असते. तिच्यात अत्यल्प पारा असतो. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की 254 नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतला लेप त्याचे पांढऱ्या प्रकाशात रूपांतर करतो. ट्यूब पेटवण्यासाठी हजार व्होल्टच्या वर आणि पेटती ठेवण्यासाठी साधारण सहाशे-सातशे व्होल्ट लागतात, तेही 40 ते 60 किलोहर्ट्झच्या प्रत्यावर्ती रूपात. हे काम बेझलच्या, म्हणजे स्क्रीनभोवतीच्या प्लास्टिकच्या चौकटीच्या, खाली बसवलेली चिंचोळी इन्व्हर्टरची पट्टी करते.

पहिली तपासणी टॉर्चची. स्क्रीनवर पांढरी खिडकी किंवा नोटपॅड उघडे ठेवावे, खोली अंधारी करावी आणि टॉर्च तिरका धरून काचेवर मारावा. अंधुक अक्षरे दिसली, तर काच आणि तिची डेटा केबल शाबूत आहे व फक्त उजेड गेला आहे, असे समजावे. दुसरी तपासणी झाकणाच्या स्विचची. झाकण बंद झाल्याचे कळवणारा छोटा स्विच किंवा चुंबकाचा सेन्सर अडकला, तरी बॅकलाइट बंद राहतो. मी असे लॅपटॉप पाहिले आहेत ज्यांच्या स्क्रीन बदलल्या गेल्या आणि दोष त्या स्विचच्या धुळीत निघाला. तिसरी तपासणी बिजागरीची. झाकण हळूहळू मागे-पुढे करताना उजेड लपलपत असेल, तर केबल बिजागरीपाशी तुटली आहे.

तिन्हींची उत्तरे येथे लिहावीत. तोवर काहीही मागवू नये.

विजेरी

डाखवाला यांनी सांगितलेल्या तपासण्यांत एक भर घालतो. विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्यापूर्वी बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहावे. तिथे उजेड टिकत असेल आणि पुढे जात असेल, तर दोष ड्रायव्हरचा किंवा ब्राइटनेस शून्यावर जाण्याचा आहे.

मात्र ट्यूबच गेली असेल, तर पुन्हा ट्यूब घालण्यात मला अर्थ दिसत नाही. ती प्रणालीच आता मागे पडली आहे. ॲपलने 2007 मध्येच 15 इंची मॅकबुक प्रोला एलईडी बॅकलाइट दिला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बहुतेक सर्व लॅपटॉप तिकडे वळले. ट्यूबच्या जागी बसणारी एलईडीची बारीक पट्टी आणि तिला वीज पुरवणारा छोटा ड्रायव्हर बोर्ड ऑनलाइन मिळतो. उच्च व्होल्टेजची कटकट संपते, पारा नाही, आणि उजेडही भरपूर मिळतो.

गूळहळद

टॉर्चने अक्षरे स्पष्ट दिसली. झाकणाचा स्विच बोटाने दाबून सोडला की लॅपटॉप झोपेत जातो व परत येतो, म्हणजे तो ठीक आहे. झाकण हलवल्याने फरक पडत नाही. बायोसमध्येही स्क्रीन सुरुवातीला तांबूस उजळते आणि साधारण दोन सेकंदांत विझते. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की तेच. दुपारच्या उन्हात ठेवलेल्या गाडीतून काढून लगेच सुरू केला, तेव्हा मात्र बराच वेळ उजेड टिकला. याचा अर्थ काय घ्यावा?

डाखवाला

याचा अर्थ बहुधा ट्यूब. ती थंड असताना आतल्या पाऱ्याची वाफ कमी असते, म्हणून म्हाताऱ्या झालेल्या ट्यूबला डिसेंबरच्या सकाळी पेटणे जड जाते आणि तापल्यावर ती जरा बरी चालते. गुलाबी-तांबूस छटा हेही तिच्या वयाचेच लक्षण आहे. ट्यूब जेव्हा नीट प्रवाह घेत नाही, तेव्हा इन्व्हर्टरमधील संरक्षक सर्किट एक-दोन सेकंद वाट पाहून पुरवठा तोडते. म्हणजे इन्व्हर्टर आपले काम चोख करत असण्याची शक्यता अधिक आहे. इन्व्हर्टर मेला असता, तर बहुतेक वेळा तांबूस झलकही दिसली नसती.

"बहुधा" म्हणतो, कारण इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरचा डाख तडकला असेल तरी उष्णतेने फरक पडू शकतो. 2019 च्या महापुरानंतर माझ्याकडे ओल लागलेली जी यंत्रे आली, त्यांत हाच प्रकार पुष्कळ होता. आपले यंत्र पाण्यात होते का?

गूळहळद

नाही, पुरात ते वरच्या मजल्यावर होते.

कुपवाड_रोड

काका, मी डिप्लोमाचा विद्यार्थी आहे. इन्व्हर्टर बरा आहे की नाही हे मल्टिमीटरने थेट आउटपुटला लावून पाहता येणार नाही का? अंदाजावर जाण्यापेक्षा मोजणे अधिक शास्त्रीय वाटते.

डाखवाला

मोजावे, पण आउटपुटला नव्हे. साधा मल्टिमीटर हजार व्होल्टच्या वर आणि इतक्या उच्च वारंवारितेवर खरे काहीच दाखवत नाही. शिवाय मीटरच्या आतच ठिणगी पडून तो जातो. प्रवाह काही मिलिॲम्पियरच असतो, तरी बोट लागले तर भाजल्याचा बारीक पांढरा डाग पडतो व तो लवकर बरा होत नाही. ट्यूब न जोडता इन्व्हर्टर चालू करून पाहण्याची सवयही वाईट. भार नसताना ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातच ठिणगी उडते आणि चांगला इन्व्हर्टर आपल्या हाताने मरतो.

मोजायचे ते इनपुटकडे. मोठ्या कनेक्टरवर एक पिन मुख्य पुरवठ्याची असते, तिथे बॅटरी किंवा अडॉप्टरचा दाब यायला हवा. एक पिन चालू-बंदच्या संकेताची, तिथे साधारण 3.3 व्होल्ट. एक ब्राइटनेसची. पुरवठ्याच्या पिनेलगतचा छोटा पांढरा किंवा हिरवट फ्यूज अखंड आहे का, हे वीज काढून ओहमवर पाहावे. ट्रान्सफॉर्मरचे उच्च दाबाचे वेटोळेही वीज नसताना मोजता येते. ते काही शे ओहम दाखवेल, आणि तुटले असेल तर काहीच दाखवणार नाही. यापुढची खात्रीची चाचणी एकच, ती म्हणजे दुसरी चालू ट्यूब त्या इन्व्हर्टरला जोडून पाहणे. माझ्या टेबलावर यासाठी एका फुटलेल्या पॅनेलची ट्यूब कायम ठेवलेली असते.

विजेरी

मग एलईडीचे काय? त्यावर आपण मौन बाळगले आहे.

डाखवाला

मौन नाही, क्रम पाळत होतो. एलईडी पट्टीला माझा तत्त्वतः विरोध नाही, मी ती बसवलेलीही आहे. परंतु जाहिरातीत तीन गोष्टी सांगत नाहीत. एक, ट्यूब ज्या चकचकीत पन्हळीत बसते तिची रुंदी दोन-अडीच मिलिमीटर असते. पट्टी तिच्यात मावली नाही किंवा तिचे तोंड प्रकाश पसरवणाऱ्या ॲक्रिलिकच्या काठाशी सरळ आले नाही, तर स्क्रीनच्या तळाशी उजेडाचे ठिपके दिसतात आणि वरचा भाग मंद राहतो. दोन, ड्रायव्हर बोर्डाला किती व्होल्ट चालतात ते पाहावे लागते, कारण इन्व्हर्टरच्या पिनेवर अडॉप्टरचे 19 व्होल्ट थेट येऊ शकतात आणि 12 व्होल्टचा बोर्ड पहिल्याच क्षणी जातो. तीन, ब्राइटनेसचा संकेत प्रत्येक कंपनीचा वेगळा. काही लॅपटॉपमध्ये तो नुसता व्होल्टेजचा चढउतार असतो, काहींत स्पंदांचा, आणि काहींत तर इन्व्हर्टरशी डेटाच्या भाषेत बोलणे चालते. तो जुळला नाही, तर स्क्रीन सदैव पूर्ण उजळ राहते किंवा बटण उलटे चालते.

याहून महत्त्वाचे म्हणजे पट्टी बसवा किंवा नवी ट्यूब, पॅनेल पूर्ण उघडावेच लागते. ज्याने ते पूर्वी उघडलेले नाही, त्याच्यासाठी खरा धोका तिथे आहे.

वखारभाग

पूर्ण एलईडी पॅनेलच बदलले तर? त्याच आकाराचे पॅनेल विकत घेऊन जोडावे.

डाखवाला

जुळत नाही. आपल्या 15.4 इंची, 1280 गुणिले 800 पॅनेलला चित्राचा डेटा नेणारी 30 पिनांची एलव्हीडीएस केबल आणि बॅकलाइटसाठी वेगळी दोन तारांची केबल असते. पुढे आलेल्या 15.6 इंची एलईडी पॅनेलना 40 पिनांचा कनेक्टर आहे, बॅकलाइटचा पुरवठा त्याच केबलीतून येतो, आणि लांबी-रुंदीचे प्रमाणच बदलल्यामुळे ते या झाकणात बसतही नाही. पॅनेलच्या पाठीवर मॉडेल क्रमांक छापलेला असतो, एलपी154डब्ल्यूएक्स4, एलटीएन154एक्स3 किंवा बी154ईडब्ल्यू08 अशा धर्तीचा. तोच क्रमांक, शेवटी जोडलेल्या अक्षरांसह, शोधावा.

आणि आता माझा खरा सल्ला. चालू जुने पॅनेल शोधण्यापेक्षा काच फुटलेले पॅनेल शोधा. लॅपटॉपच्या स्क्रीन बहुतेक वेळा ट्यूब जाऊन बाद होत नाहीत. पडून, दाबून, झाकणात पेन राहून काच फुटते आणि त्या बाद होतात. अशा पॅनेलमागचा बॅकलाइट पुष्कळदा उत्तम असतो, आणि दुरुस्तीवाल्यांकडे ती पॅनेले कोपऱ्यात रचून पडलेली असतात, कारण त्यांना गिऱ्हाईक नसते. आपल्याकडे काच चांगली व उजेड गेलेला, तिथे उजेड चांगला व काच गेलेली. दोन्हींचा क्रमांक एक असेल, तर त्यांच्या बॅकलाइटचा पूर्ण ट्रे, ट्यूब, पन्हळ, ॲक्रिलिक आणि त्यावरच्या झिरझिरीत शीटसकट, आपल्या काचेखाली येतो. डाख देण्याची गरज नाही. शीट वेगळी करावी लागत नाहीत. आणि फुटके पॅनेल आधी उघडल्यामुळे हात बसतो, तिथे चूक झाली तरी नुकसान काही नाही. नुसती ट्यूब मागवली, तर तिच्यापेक्षा कुरिअरचे पैसे जास्त होतात आणि ती निम्म्या वेळा वाटेतच फुटते.

कुपवाड_रोड

हा विचार फारच आवडला. पॅनेल उघडताना नेमके काय सांभाळावे, तेही विस्ताराने लिहावे. माझ्याकडेही एक बंद पॅनेल आहे.

डाखवाला

बॅटरी व अडॉप्टर काढावेत आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे. बेझलवरच्या रबरी गुंड्यांखाली स्क्रू असतात. गुंड्या टाचणीने उचलून कागदावर ज्या जागी होत्या त्याच क्रमाने चिकटवाव्यात. बेझल नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने सोडवावी, स्क्रू ड्रायव्हरने नाही. इन्व्हर्टरच्या दोन्ही टोकांचे कनेक्टर सरळ ओढावेत, तारेला धरून नव्हे. पॅनेल उपडे करण्यापूर्वी खाली धुतलेला मऊ पंचा अंथरावा.

पॅनेलभोवती पातळ पत्र्याची चौकट असते. तिच्या कडेच्या खाचा एकेक करून सुटतात, काही ठिकाणी काळी टेप आणि एक-दोन अतिसूक्ष्म स्क्रू असतात. आता सर्वांत नाजूक जागा. काचेच्या एका कडेला चिकटलेल्या तपकिरी लवचिक पट्ट्या मागच्या सर्किट बोर्डाला जातात. त्या प्लास्टिकच्या आहेत, काचेवरची त्यांची जोडणी डाखाने होत नाही आणि हाताने दुरुस्तही होत नाही. एक जरी मुडपली किंवा उखडली, तर स्क्रीनवर उभ्या रेघा येतात त्या कायमच्या. म्हणून काच आणि बोर्ड दोन्ही हातांत एकाच वेळी धरून, पुस्तकाचे पान उलटावे तसे एकत्र उचलावे. बोर्डाला लोंबकळू देऊ नये.

काच निघाल्यावर ट्रेवर बोट लावू नये. वरच्या शीटवर उमटलेला ठसा पुसायला गेलात, तर तो धूसर पट्टा होऊन बसतो. शीट सुटलीच, तर तिच्या कडेला असलेल्या कानांच्या जागा पाहून तोच क्रम आणि तीच बाजू ठेवावी. बारीक खाचा असलेली शीट उलटी बसली की स्क्रीन निम्मी मंद दिसते आणि कारण सापडता सापडत नाही. धुळीसाठी आंघोळीच्या खोलीत गरम पाणी सोडून थोड्या वेळाने तिथेच काम करणारे लोक आहेत, कारण वाफेबरोबर धूळ खाली बसते. मी पंखा बंद करून ओल्या फडक्याने टेबल पुसतो, तेवढे पुरते. गूळहळद, आपण मात्र हे काम गाळ्यात करू नये. हळदीचा एक कण आत गेला, तर पांढऱ्या स्क्रीनवर तो पिवळा ठिपका होऊन रोज दर्शन देईल.

विजेरी

माझा मुद्दा मागे घेत नाही, परंतु या विशिष्ट प्रकरणात फुटक्या पॅनेलचा मार्ग अधिक सोपा आहे, हे मान्य. 14 इंची चौकोनी किंवा अन्य दुर्मीळ आकारांसाठी, जिथे जुळे पॅनेल मिळत नाही, तिथे एलईडी पट्टीलाच पर्याय नाही, असे माझे मत कायम आहे.

डाखवाला

यावर आपले एकमत आहे.

गूळहळद

कळविण्यास आनंद होतो की काम झाले. सांगलीत आमच्या क्रमांकाचे पॅनेल मिळाले नाही. पुण्याला माल पोहोचवायला गेलेल्या भाच्याला बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत पाठवले आणि पाठीवरचा क्रमांक फोटोवरून जुळवून घेतला. विक्रेत्याने काच कोपऱ्यातून तडकलेले पॅनेल नाममात्र पैशांत दिले. त्याचा बॅकलाइट आधी आमच्याच इन्व्हर्टरला बाहेरून जोडून पाहिला. तो पांढरा पेटला आणि अर्धा तास ठेवला तरी विझला नाही. म्हणजे आमचा इन्व्हर्टर चांगला आणि दोष ट्यूबचाच, हे काही उघडण्याआधीच सिद्ध झाले.

घरी माडीवर, खिडक्या लावून, आधी फुटके पॅनेल उघडले आणि नंतर आमचे. आमच्या जुन्या ट्यूबची दोन्ही टोके दीड-दोन इंच काळीकुट्ट झालेली आढळली. त्या तपकिरी पट्ट्यांपाशी मात्र हात थरथरला. भाच्याने बोर्ड धरला, मी काच धरली आणि दोघांनी मिळून ती नव्या ट्रेवर ठेवली. उजेड पूर्वीपेक्षा किंचित पिवळसर आहे, डाव्या कोपऱ्यात एक धुळीचा कण राहिला आहे, पण वजनाचे आकडे गोदामाच्या अंधारातही लांबून दिसतात. ब्राइटनेसची बटणे पूर्ववत चालतात.

काढलेल्या जुन्या ट्यूबचे काय करावे? भंगारवाला नेईल, पण त्यात पारा आहे असे आपण लिहिले होते.

डाखवाला

अभिनंदन. टोके काळी पडणे म्हणजे इलेक्ट्रोडचा धातू झिजून काचेच्या आतून बसणे. त्या ट्यूबने आपले आयुष्य पुरेपूर जगून घेतले आहे.

ट्यूब अखंड असेल तर ती पन्हळीतून काढूच नये. जुन्या ट्रेसकट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावी आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावी. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जायला हवा. भंगारवाला पत्रा काढून घेतो आणि ट्यूब तिथेच फोडतो. पारा काही मिलिग्रॅमच असतो, तरी चुकून फुटलीच, तर खिडक्या उघडून खोलीतून थोडा वेळ बाहेर जावे. तुकडे झाडूने किंवा व्हॅक्यूमने न उचलता जाड कागदाने गोळा करावेत, उरलेला चुरा चिकटपट्टीने टिपावा आणि सारे झाकणाच्या बरणीत बंद करावे.

तासगाव_वेस

उशिरा विचारतो आहे. माझा लॅपटॉप 2013 चा, 15.6 इंची, म्हणजे एलईडीचा आहे. टॉर्च मारल्यावर अक्षरे दिसतात, पण उजेड अजिबात नाही. गेल्या आठवड्यात मीच स्क्रीनची केबल काढून पुन्हा लावली होती, त्यानंतर हे झाले. यातही फुटक्या पॅनेलचा ट्रे बदलावा का?

डाखवाला

आपल्या बाबतीत नको. एलईडी पॅनेलमध्ये ट्रे बदलण्याइतका त्रास घेण्याची गरज नसते, कारण 40 पिनांची 15.6 इंची पॅनेले अजूनही सहज मिळतात आणि नुसती बदलता येतात. परंतु आपण केबल काढली तेव्हा बॅटरी आत होती का, हा माझा पहिला प्रश्न आहे. बॅटरी जोडलेली असताना केबल किंचित तिरकी बसली, तर बॅकलाइटच्या पुरवठ्याची पिन शेजारच्या पिनेला टेकते आणि मदरबोर्डवर स्क्रीनच्या कनेक्टरजवळ असलेला छोटा फ्यूज जातो. अशा वेळी नवे पॅनेल लावले तरी अंधारच राहतो आणि लोक दुसरे पॅनेल मागवतात. म्हणून बॅटरी काढून आधी तो फ्यूज ओहमवर तपासावा, आणि तो अखंड असेल तरच पॅनेल मागवावे.